पाव आटा

पाळण्याच्या कडीला सायकल टांगली आहे.
पाळणा भाच्याकडे गेला, कडी राहिली.
तिला आता आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाचा फास
आणि फासात दहा गिअरची सायकल,
मागचं चाक माझ्या छातीशी.

दस्तगीरचाचा उलट्या बादलीवर बसलेत.
एका डोळ्यावर हिरवी पट्टी, परवाच मोतीबिंदू काढला,
दुसऱ्याचा नंबर पुढच्या महिन्यात.
साताऱ्याच्या एसटी डेपोत एकतीस वर्षं
बॉनेट न उघडता इंजिनाचं दुखणं सांगायचे.
सायकल त्यांचीच. गुडघे बदलले तेव्हा
गोडोलीत माझ्या दाराला टेकवून म्हणाले,
पोस्टबाई, हिला घाटाची सवय हाय, उभी ठेवू नगंस.

डिझेलमध्ये बुडवलेल्या टूथब्रशनं
मी चेनची एकेक कडी घासली.
नवी केबल ओढली, टोकाला नेलपॉलिश लावलं
(लाल, एकाच लग्नात वापरलेलं, कुणाच्या ते विचारू नका)
म्हणजे तारा पिंजत नाहीत.
मग शिलाई मशीनचा स्क्रूड्रायव्हर.

दोन स्क्रू आहेत, ज्वारीच्या दाण्याएवढे.
एक चेनला बाहेर पडू देत नाही,
दुसरा आत, आऱ्यांत.
मधल्या पाच चकत्यांत काय ते शहाणपण.

नव्या सायकलींचा लिव्हर टक् म्हणतो,
बोटाला कळतं, आलं.
हिच्या लिव्हरला खाचाच नाहीत.
सरकवत राहायचं, जुन्या रेडिओचा काटा
सांगली केंद्र लागेपर्यंत सरकवावा तसा,
खरखर, खरखर, आणि मग एकदम स्वच्छ
बाजारभाव.

मी हातानं पेडल फिरवते.
"पाव आटा घे."
घेते.
"लई झालं. मागं."
घेते.
"आता पावाचा पाव."
पहिली चकती ठीक, दुसरी ठीक, तिसरीवर
चार घरं पलीकडे कुणी भांडी घासतंय असा आवाज.
मी म्हणते, चेन जुनी आहे.
मी म्हणते, तेल कमी पडलं असेल.
चाचा बादली सरकवून कान चाकापाशी आणतात,
उघडा डोळाही मिटून घेतात.

"कुठं पाडलीस?"

यवतेश्वरच्या वरच्या वळणावर, चाचा,
कासची फुलं बघायला निघालेली सुमो अंगावर आली,
मी उजव्या कुशीवर, सायकल माझ्याखाली.
हे मी म्हणत नाही.
तीन आठवडे कुणालाच म्हटलेलं नाही.
लांब बाहीत कोपर लपवून
काउंटरवर पाकिटं तोलली, शिक्के मारले.
आईला कळलं असतं तर संध्याकाळच्या आत
भंगारवाल्याचा हातगाडा दारात.

"स्क्रू पिळून काय उपेग?
ज्या कानाला ह्यो लटकलाय
त्यो कानच वाकलाय."

सहाची ॲलन की मागतात,
बोटांनी बोल्ट हुडकतात.
एक हात चाकावर, एक किल्लीवर,
आणि बाहेर ओढतात,
गरम तव्यावरची भाकरी उलटावी तितक्याच जोरानं.
लोखंड जुनं, ऐकतं.
"अल्युमिनचं असतं तर हातात आलं असतं."

फिरव, म्हणतात.
पहिली. दुसरी. तिसरी.
चौथी. पाचवी.
पेडल सोडलं तरी फ्रीव्हील
बराच वेळ एकटंच टिकटिकत राहतं.

निघताना मला बाही वर करायला लावतात.
बोल्ट चाचपला तसं हाड चाचपतात, अंगठ्यानं.
"हे सरळ हाय," म्हणतात,
आणि चपला शोधू लागतात.

दारातून परत वळतात.
"चौथीवर वाजतंय अजून जरासं."

ते गेल्यावर मी फिरवून बघते. दोनदा. तीनदा.
आईचा टीव्हीही बंद करते.
मला काहीच ऐकू येत नाही.
स्क्रूड्रायव्हर अजून मशीनच्या डब्यात ठेवलेला नाही.